मुहूर्ताच्या दिवशीचा पेपर

“स्क्राइब कुठे आहे?” परीक्षा केंद्राच्या दारातल्या मॅडमनी पुन्हा विचारलं.

“येतेय,” मी पुन्हा सांगितलं.

येत कोणीच नव्हतं. माझ्या एका हातात फोन होता, दुसरा हात सेल्वीने धरला होता. आत घंटा झाली. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं. सेल्वीने माझा हात सोडला, घडी घातलेली पांढरी काठी उघडली आणि म्हणाली, “चला सार. उभं राहून काय करणार? अप्पांना पापनाशमची बस तरी मिळेल.” तिचे वडील मागेच उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

सेल्वी जन्मापासून पाहू शकत नाही. तंजावरच्या एका कॉलेजात ती बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्यासारखी मुलं परीक्षेत उत्तर तोंडी सांगतात आणि शेजारी बसलेला माणूस ते जसंच्या तसं कागदावर उतरवतो. या माणसाला मराठीत लेखनिक म्हणतात, आमच्याकडे सगळे स्क्राइब म्हणतात. त्याने स्वतःचा शब्द घालायचा नाही आणि सांगितलेला शब्द गाळायचा नाही. तोच आला नाही तर अख्खं पुस्तक पाठ असूनही पेपर कोरा. असे स्क्राइब शोधून देणारी एक छोटी संस्था तंजावरात आहे. तिचं इंटरनेटचं काम मी बघतो.

माझ्याबद्दल थोडं. मी गोपाळराव, इथे सगळे ‘राव सार’ म्हणतात. आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतले मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. नोकरीसाठी पुण्याला गेलो, तिथे देवनागरी नीट वाचायला शिकलो, आणि माझी मराठी ऐकून हसणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून एका सॉफ्टवेअर कंपनीत उभी हयात नोकरी केली. निवृत्त होऊन परत आलो तर घरी बसवेना. तेव्हापासून संस्थांना इंटरनेटवरून माणसं जोडून देतो. पेज चालवायचं, ग्रुप सांभाळायचे, आवाहनं लिहायची. या धंद्यात एक लाडका शब्द आहे, एंगेजमेंट. लोक तुमच्या पोस्टला किती प्रतिसाद देतात, त्याचं मोजमाप. आमची एंगेजमेंट उत्तम होती. सेल्वीसाठी स्क्राइब हवा ही पोस्ट माझीच. आम्ही गेटवरून परत फिरलो तरी ती पसरतच होती. बसस्टँडला पोचेपर्यंत खिशात फोन टुणटुण करत राहिला. पोस्टवर लाल बदाम आणि जोडलेले हात पडत होते.

दुसऱ्या दिवशी तुळजाक्कांनी ऑफिसात बोलावलं. तुळजाबाई संस्थेच्या सचिव, अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. आमच्याच समाजातल्या, त्यामुळे आमचं बोलणं घरच्या मराठीत.

“बैसा राव,” त्या म्हणाल्या. त्यांनी इतक्या हळू आवाजात बैसा म्हटलं की समजायचं, खरडपट्टी आहे. “पेजवर किती मंडळी आहेत आपली?”

“हजारांत आहेत.”

“आणि गेटावर किती होती?”

“मी होतो.”

“तुम्ही इंजिनिअर. तुमचा काय उपयोग?”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. स्क्राइब परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, नाहीतर उत्तर नक्की कोणाचं हा संशय राहतो. म्हणजे बी.ए.च्या मुलीला बारावी झालेला, इथल्या भाषेत प्लस टू झालेला माणूस हवा, आणि त्याला भरभर तमिळ लिहिता यायला हवं. पदव्या मिरवणारे आम्ही दोघंही त्या गेटवर कुचकामी.

“पोरीचा पेपर राहिला,” तुळजाक्का म्हणाल्या. “आता पुढल्या परीक्षेत अरिअर म्हणून द्यायचा. तोही गेला तर तिचं बी.एड. गेलं. ज्या शाळेत ती शिकली ते लोक तिला इतिहासाची टीचर म्हणून घ्यायला तयार आहेत, बी.एड. पाहिजे इतकंच. आणि तिचा अप्पा मज सांगून गेला, अजून एकदाच. मग पोरीस घरी बसवतो.”

“या वेळी स्क्राइब असेल,” मी म्हणालो.

“कोण?”

“ते अजून ठाऊक नाही. पण असेल.”

मला राग आला होता. सेल्वीच्या वडिलांनी मला चार शब्द सुनावले असते तर तो निघून गेला असता. तसं झालं नाही, म्हणून तो कामी लावायचं ठरवलं.

जोडलेले हात पाठवणाऱ्यांना मी एकेक करून फोन लावले. विचारलं एवढंच, की तुम्ही का आला नाहीत? भांडायला नव्हे, समजून घ्यायला. बहुतेकांचं उत्तर सारखंच निघालं. “एवढे लोक आहेत ग्रुपवर, कोणीतरी गेलं असेल असं वाटलं.” चेन्नईचे रामनाथन म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, ते उलट माझ्यावरच चिडले. “राव सार, मी तुमची प्रत्येक पोस्ट पुढे पाठवतो. आणखी काय करायचं माणसाने?”

इथेच तर गोम होती. पोस्ट पुढे पाठवली की आपण काहीतरी केलं असं वाटतं. आणि आम्ही त्यांच्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

मी आवाहनं बंद केली. तुळजाक्का दचकल्या. “पेज बंद करता?”

“पेज नाही. ‘कोणीतरी या हो’ असं ओरडणं बंद.”

त्याऐवजी एका माणसाला एक निरोप. तोही लिहून नाही, आवाजात. आमच्या मराठी घरांत बोलतात मराठी आणि वाचतात तमिळ. मी पुण्यात कमावलेली देवनागरी इथे नातवाला वाचता येत नाही आणि आजोबांनाही नाही. तमिळ घरांना तमिळमध्ये, आमच्या घरांना आमच्या मराठीत मी बोलून पाठवायला लागलो. “पद्माक्का, सेल्वीस शेतसाऱ्याचा धडा ऐकायचा आहे. तुम्ही वाचून पाठवाल का? होय की नाही, तितकंच सांगा.” नाव घेऊन विचारलं की माणूस उत्तर देतो. नाही म्हणणारेही निघाले, पण ते मला बदामापेक्षा बरं वाटलं. निदान कळलं तरी.

जे जास्त शिकलेले होते त्यांना वाचनाला बसवलं. कोणी नोट्स वाचून पाठवायचं, कोणी जुन्या प्रश्नपत्रिका. रामनाथन रोज सकाळी कॉफीनंतर एक प्रकरण वाचून पाठवू लागले. त्यांचा आवाज बँकेतल्यासारखाच, एकेक अक्षर तपासून पुढे जाणारा. सेल्वी तो दुप्पट वेगाने ऐकायची. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि मुख्य म्हणजे स्क्राइब मिळाली. तिरुवैयारूची भानू, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी. ऐनवेळी काही झालंच तर म्हणून आणखी दोघी राखीव. भानू आणि सेल्वी फोनवर सराव करायच्या. सेल्वी सांगायची, भानू लिहायची, पानाचे फोटो रामनाथनना जायचे आणि ते अक्षर वाचता येतं की नाही ते कळवायचे. माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या तारखा हिरव्या रंगात दिसत होत्या. मी निर्धास्त झालो.

मग विद्यापीठाने वेळापत्रक बदललं. अशी वेळापत्रकं बदलतात, त्यात नवल नाही. बाकीचे पेपर जिथल्या तिथे राहिले, नेमका सेल्वीच्या अरिअरचा पेपर पुढे सरकला. मी नवी तारीख कॉम्प्युटरात टाकली आणि तिघींना कळवलं.

भानूचा फोन लगेच आला. आवाज रडवेला. “सार, त्या दिवशी अण्णाचं कल्याणम आहे.”

सख्ख्या भावाचं लग्न. इथल्या लग्नात नवरा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना पहिली गाठ मारतो आणि पुढच्या गाठी त्याची बहीण मारते. बहिणीशिवाय लग्न उभं राहत नाही. तिला ये म्हणणं शक्यच नव्हतं. मी राखीव मुलींना फोन केले. एकीची मावसबहीण त्याच दिवशी कुंभकोणमला बोहल्यावर, दुसरी नात्यातल्या लग्नाला मदुरैला.

तुळजाक्का खुर्चीतून उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. रोज एक पान फाडायचं ते जाड कॅलेंडर, तारीख, तिथी, राहुकाळ, सगळं असलेलं. त्यांनी पानं वर उचलून ती तारीख काढली.

“मोठा मुहूर्त आहे राव. या महिन्यातला सगळ्यांत मोठा. गावात हॉल मिळत नसणार.” मग माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे त्यास ठाव नाही?”

“नाही.”

“आणि तुम्हास?”

त्या दिवशीच्या दोन पत्रिका माझ्याच घरी पडल्या होत्या. तुळजाक्कांना तर नणंदेच्या घरचं लग्न होतं. मुहूर्ताच्या दिवशी तंजावरात माणूस मिळत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही सगळे रोज सकाळी त्या कॅलेंडरचं पान फाडत होतो आणि मग वळून कॉम्प्युटरवर हिरवे चौकोन भरत होतो. विद्यापीठाला मुहूर्ताशी देणंघेणं नव्हतं, ते ठीक. आम्ही तरी बघायला हवं होतं.

“तातडीची पोस्ट टाकू,” तुळजाक्का म्हणाल्या.

“नाही.”

“अय्यो, दुसरं काय करणार?”

“पोस्ट टाकली तर सगळे मांडवातून बदाम पाठवतील. आक्का, लग्नाला न जाणारं कोण आहे या गावात, ते सांगा.”

ओळखीतल्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतल्या मुलींना आम्ही विचारलं. त्यांचा स्वतःचा पेपर त्याच दिवशी. मग मी ग्रुपमधले जुने मेसेज उघडून बसलो. ग्रुपवरच्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की तो कोणी कोणी वाचला ते दिसतं. बोलणारे मला तोंडपाठ होते. मला न बोलणारे हवे होते. असं चाळताना एक नाव पुन्हा पुन्हा वर येऊ लागलं. प्रत्येक मेसेज वाचलेला, तोही टाकल्या टाकल्या. कधी बदाम नाही, हात नाही, अक्षर नाही. नाव श्रीनिवासराव.

“आक्का,” मी म्हणालो, “श्रीनिवासराव गेल्या वर्षी गेले ना?”

“गेले की. आपण सगळे होतो.”

“ते आपले मेसेज वाचतात.”

तुळजाक्कांनी चष्मा लावून ते नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, “तो फोन आता सुंदराकडे असणार.”

सुंदराबाई त्यांच्या पत्नी. आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहतात. मुलगा परदेशात. यजमान गेल्यापासून त्या देवळातसुद्धा गर्दी सरल्यावर जायच्या. प्लस टू झालेल्या, पुढे लग्न झालं. शाळा सगळी तमिळ. आमच्या नियमात अगदी चपखल बसत होत्या. मी उठलोच.

“थांबा,” तुळजाक्का म्हणाल्या. “काय सांगणार तिला? सगळं गाव लग्नास जाणार, तुज कोण्ही बोलावत नाही, म्हणून तू ये? असं पुसणार?”

खरी अडचण ही होती. कायद्याने विधवेला कोणी अडवत नाही. तिला पत्रिका येते, पोस्टाने किंवा फोनवर. घरी येऊन, तांबूल देऊन कोणी बोलावत नाही. मग तीच समजून घेते आणि जात नाही, आणि बाकीचे म्हणतात की तिला गर्दी आवडत नाही. हे मी लहानपणापासून पाहिलंय. माझ्या आत्येच्या बाबतीत पाहिलंय. त्याची चीड मला तेव्हा नव्हती, त्या दिवशी ऑफिसात आली.

“मग बोलावू या,” मी म्हणालो. “बोलावतात तसं बोलावू.”

तुळजाक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “सरी,” म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. “उद्या सकाळी.”

सकाळी त्या नेसून-सवरून आल्या. हातात ताट. पानसुपारी, केळी, मोगऱ्याचा गजरा आणि कुंकवाचा करंडा. लग्नाचं आमंत्रण द्यायला जाताना असतं तसं सगळं. सुंदराबाईंनी दार उघडलं आणि आधी ताटाकडे पाहिलं, मग आमच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

“कोणाकडे आलात?” त्यांनी विचारलं.

“तुझ्याकडेच. आत येऊ का?”

मी बसलो. तुळजाक्कांनी उभं राहूनच ताट पुढे केलं. “आमच्या पोरीचं शुभकार्य आहे. तू आलंच पाहिजे. तू नाही आलीस तर होणार नाही.” आणि मग पेपर, तारीख, सेल्वी, सगळं सांगितलं.

सुंदराबाई करंड्याकडे बघत होत्या. “हे कशास आणलंस आक्का?”

“मी आमंत्रण अर्धं देत नाही.”

सुंदराबाईंनी करंड्याचं झाकण नीट बसवलं. मग सुंदराबाई म्हणाल्या, “सेल्वीचं मज ठाव आहे. मागचा पेपर राहिला तेही. मी सगळं वाचते. त्या दिवशी मी तयार होऊन बैसले होते.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही लिहिता, कोण्ही या. मज वाटलं, कोण्ही म्हणजे मी नाही.”

इतक्या वर्षांत माझ्या कामावर याहून मोठी टीका कोणी केलेली नाही.

पण त्या तयार होईनात. लिहिण्याची भीती नव्हती. “परीक्षेस जाताना समोर मी? लोक काय म्हणतील? पोरीचं काही बरं-वाईट झालं तर?” तुळजाक्का समजावून थकल्या. शेवटी मी सेल्वीलाच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तमिळमध्ये सांगितलं की या अम्मांना वाटतं, त्या समोर आल्या तर तुला अपशकुन होईल.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “अम्मा, माझ्यासमोर कोण येतं ते मला आजवर कधी दिसलंय? तुमचं अक्षर कसं आहे ते सांगा.”

सुंदराबाईंनाही हसू आलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “बरं आहे.”

परीक्षा विभागात मी स्वतः गेलो. स्क्राइब बदलायचा तर आधी मंजुरी लागते. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“यांचं वय बावन्न लिहिलंय.”

“बरोबर आहे.”

“सार, स्क्राइब म्हणजे स्टुडंट असतो.”

“नियमात वयाचं कुठे आहे?”

त्यांनी नियम काढले, वाचले, उलटून पुन्हा वाचले. “लिहिलेलं नाही. पण असं कोणी आणत नाही.”

“आम्ही आणतोय.”

“मला साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा. मी बसतो.” मी बसलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली, मी बसून राहिलो. पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र घेऊनच गेलो होतो. पुण्याच्या नोकरीत एवढं एक शिकलो, की बसून राहणाऱ्या माणसाचा कागद लवकर हलतो. सही मिळाली.

सराव मात्र सोपा गेला नाही. सेल्वी एक्सप्रेससारखी बोलायची, सुंदराबाई प्रत्येक अक्षराला गोलाई द्यायच्या. रामनाथन चेन्नईहून कळवायचे, “अक्षर सुंदर, पण अर्ध्या वेळात पाव पेपर.” हळूहळू वेग आला. मग एका दिवशी मला सेल्वीचा फोन. “सार, अम्मा लिहीत नाहीत.”

मी गेलो. सुंदराबाई पेन खाली ठेवून बसल्या होत्या. प्रश्न होता तंजावरच्या मराठी राजवटीवर. सेल्वीने पुस्तकाप्रमाणे सांगितलं होतं, की मराठे हे बाहेरून आलेले राज्यकर्ते.

“आम्ही बाहेरचे?” सुंदराबाईंनी मला विचारलं. “माझ्या आज्याची आजी इथली. मी हे लिहिणार नाही.”

फोनवर सेल्वी तापली होती. “अम्मा, पुस्तकात आहे! मार्क तुम्हाला नकोत, मला हवेत. तुम्हाला पटत नसेल तर पेपर झाल्यावर माझ्याशी भांडा. आत्ता मी सांगते तेच लिहा.”

खरं तर मलाही ते वाक्य टोचलं होतं. पण स्क्राइबचा धर्म तोच, न पटलेलंही लिहायचं. तसं मी सुंदराबाईंना म्हणालो. त्यांनी पेन उचललं, ‘बाहेरून’ हा शब्द इतक्या जोरात लिहिला की मागच्या पानावर उमटला, आणि म्हणाल्या, “पुढे सांग.”

पेपरच्या दिवशी पहाटेपासून नादस्वरम वाजत होतं. प्रत्येक हॉलच्या दाराला केळीचे घड लागलेले. रिक्षा एकही नाही, सगळ्या वऱ्हाडांनी बांधून घेतलेल्या. तुळजाक्का आपली स्कूटी घेऊन आल्या, नणंदेच्या घरचं लग्न सोडून. सुंदराबाई मागे बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मागच्या गल्लीने जाऊ आक्का. आज रस्त्यात सगळी लग्नाची माणसं.”

“त्या वाटेने उशीर होतो,” तुळजाक्का म्हणाल्या. उशीर मुळीच होत नव्हता. त्यांनी स्कूटी सरळ मोठ्या रस्त्यावर घेतली, हॉलमागून हॉल, वऱ्हाडाच्या मधून, हॉर्न वाजवत. मी माझ्या स्कूटरवर मागे होतो. दोनचार माणसांनी वळून पाहिलं, ओळखीच्या बायकांनी पाहिलं. सुंदराबाईंनी आधी मान खाली घातली होती. नंतर घातलेली दिसली नाही.

गेटवर त्याच मॅडम होत्या. “स्क्राइब?”

“मी,” सुंदराबाई म्हणाल्या आणि सेल्वीचा हात धरून आत गेल्या.

आम्ही बाहेर झाडाखाली थांबलो. सेल्वीचे वडील होते, तुळजाक्का होत्या, मी होतो. फोन मी बंद करून ठेवला. सेल्वीसारख्या मुलांना जास्तीचा वेळ मिळतो, त्यामुळे बाकीची मुलं निघून गेली तरी त्या दोघी आतच. मला उगाचच काळजी, की मराठ्यांवर प्रश्न आला असेल आणि या आत भांडत असतील.

दोघी बाहेर आल्या. सुंदराबाई उजवा हात डाव्या हाताने दाबत होत्या.

“आला तो प्रश्न?” मी विचारलं.

“आला.”

“मग?”

“ती म्हणाली तसं लिहिलं.” आणि मग सेल्वीकडे वळून, “आता ये इकडे. पेपर झाला ना? आता भांडू.”

दोघी भांडतच बसस्टँडपर्यंत गेल्या. सेल्वीचे वडील त्यांच्या मागून चालत होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

निकाल चांगला लागला. सेल्वी सध्या बी.एड. करतेय.

निकालाच्या दिवशी श्रीनिवासरावांच्या नंबरावरून ग्रुपवर पहिला मेसेज पडला. आवाजातला. “मी सुंदरा बोलते. त्या मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी मी पेपर लिहिला. माझ्यासारख्या ज्या त्या दिवशी घरी होत्या, त्यांनी मज फोन करावा.” हे आवाहन सगळ्या ग्रुपला होतं, नाव कोणाचंच घेतलेलं नव्हतं. म्हणजे मी जे काही शोधून काढलं होतं त्याच्या नेमकं उलट. मी तुळजाक्कांना म्हणालो, एकही फोन येणार नाही. फोन आले. तिरुवैयारूहून आले, पापनाशमहून आले. ज्यांच्यासाठी होतं त्यांना ते बरोबर कळलं होतं. ‘नाव घेऊनच विचारा’ असं सांगणारं एक प्रेझेंटेशन मी इतर संस्थांसाठी बनवलं होतं, ते गुपचूप दुरुस्त केलं.

आता मुहूर्ताच्या दिवशी आम्हाला स्क्राइब कमी पडत नाहीत, अडचण झालीच तर साध्या दिवशी होते. इतर संस्था मला बोलावून विचारतात, सपोर्टर वाढवायचे कसे? मी म्हणतो, आहेत त्यांच्यातलं एक असं नाव सांगा जे कधीच बोलत नाही, आणि त्यांच्या घरी जाऊन या. मग पोस्टचं बघू. बहुतेकांचा हिरमोड होतो. त्यांना ॲप हवं असतं.

गेल्या हंगामात सुंदराबाईंच्या चुलत दिरांकडे लग्न होतं. या वेळी ती मंडळी पत्रिका घेऊन घरी आली, रीतसर, पानसुपारीसकट. बाईंनी त्यांना बसवलं, कॉफी दिली, पत्रिका डोळ्यांना लावली आणि तारीख वाचली.

“मज येता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी पेपर आहे.”